सह्याद्रीची वीज आणि कै. जमशेटजी टाटा

शिरूर तालुक्यांत रांजणगांव या नांवाचीं दोन गांवें आहेत. एक महागणपतीचें रांजणगांव, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें. दुसरें रांजणगांव सांडस, जेथें मुळा-मुठेचें पाणी भीमेस येऊन मिळतें. पहिल्या गांवीं आज मोठी औद्योगिक वसाहत असून तेथील यंत्रें रात्रंदिवस विजेवर चालतात. दुसऱ्या गांवच्या शेतकऱ्याची दृष्टि उन्हाळा आला कीं नदीच्या पात्राकडे लागते. एकास वीज हवी, दुसऱ्यास पाणी हवें. आणि खरें पाहतां दोघांसही दोन्ही हवीं आहेत. ज्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याच्या कार्याचा या दोन्ही गरजांशीं निकटचा संबंध आहे. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसापासून वीज निर्माण करून मुंबईचे कारखाने चालवावे ही कल्पना मनीं धरून तिचा पाठपुरावा करणारे ते पुरुष म्हणजे कै. जमशेटजी नसरवानजी टाटा होत.

जमशेटजींचा जन्म गुजराथेंतील नवसारी या गांवीं ता. ३ मार्च १८३९ रोजीं झाला. त्यांचें घराणें पारशी धर्मोपाध्यायांचें. वडील नसरवानजी यांनीं मात्र कुळाचा वंशपरंपरागत व्यवसाय सोडून मुंबईस व्यापाराचा आरंभ केला व पुढें मुलासही शिक्षणासाठीं तेथें आणिलें. एल्फिन्स्टन कॉलेजांतील अभ्यास जमशेटजींनीं १८५८ सालीं पुरा केला. वाचनाची जी गोडी त्यांस तेथें लागली ती जन्मभर सुटली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं वडिलांच्या व्यापारासाठीं ते हाँगकाँगला गेले. पुढें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडांत येईनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६५ सालीं तें युद्ध थांबतांच भाव कोसळले व मुंबईंतील कित्येक पेढ्या एका रात्रींत बुडाल्या. टाटांच्या पेढीसही मोठा धक्का बसला. जमशेटजी त्या वेळीं विलायतेंत होते. त्यांनीं धनकोंपासून तोंड लपविलें नाहीं. सर्व हिशेब त्यांच्यापुढें उघडा ठेविला. पैसा गेला, पण पत राहिली; आणि पुढील आयुष्यांत हीच पत त्यांच्या कामीं आली.

१८६८ सालीं वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं त्यांनीं एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढिली. चिंचपोकळीस एक तेलाची गिरणी दिवाळ्यांत निघाली होती. ती त्यांनीं विकत घेऊन तिची कापडाची गिरणी केली, आणि ती नीट चालूं लागल्यावर नफ्यानें विकून टाकिली. त्यानंतर इंग्लंडांत जाऊन लँकेशायरच्या कारखान्यांचें त्यांनीं बारकाईनें निरीक्षण केलें. परत आल्यावर मुंबईस गिरणी न काढतां त्यांनीं नागपूर पसंत केलें. कापूस जेथें पिकतो व कोळसा जेथून जवळ आहे, तेथेंच गिरणी काढावी, हा त्यांचा विचार होता. ता. १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. या गिरणींत त्यांनीं नव्यांत नवीं यंत्रें आणिलीं. हवा खेळती ठेवण्याची व आग विझविण्याची सोय केली. कामगारांसाठीं १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि काढिला, आणि १८९५ पासून कामावर असतां इजा झालेल्यांस भरपाई देण्यास आरंभ केला. त्या काळीं सरकारचा कायदा यांपैकीं कशाचीही सक्ति करीत नव्हता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. या निबंधाच्या शेवटीं आम्हांस तिच्याकडे पुन्हां वळावयाचें आहे.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. त्या काळच्या मुंबईंतील सर्व गिरण्या वाफेच्या यंत्रांवर चालत, आणि वाफेसाठीं कोळसा लागे. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाहीं. तो बंगालकडून आगगाडीनें हजार मैलांहून अधिक प्रवास करून येई, अथवा परदेशांतून जहाजानें येई. कोळशाचा भाव चढला कीं गिरणीमालकाचा नफा आटे, आणि नफा आटला कीं मजुराच्या पोटास चिमटा बसे. शिवाय शेंकडों धुराड्यांतून निघणारा धूर परळ-लालबागच्या दाट वस्तीवर दिवसरात्र पसरलेला असे. नागपुरास कोळसा जवळ होता म्हणून जमशेटजींची गिरणी सुखानें चालली. परंतु मुंबईच्या डोक्यावरील हें ओझें कसें उतरावें, हा प्रश्न त्यांच्या मनांतून गेला नाहीं.

पाण्याच्या शक्तीकडे त्यांचें लक्ष तरुणपणापासूनच होतें. एम्प्रेस मिलची जागा निश्चित होण्यापूर्वीं जबलपुराजवळ नर्मदेच्या धबधब्यावर गिरणी चालवितां येईल काय, याचा त्यांनीं विचार केला होता. पण तो बेत जमला नाहीं. त्या वेळीं पाण्याची शक्ति वापरावयाची तर कारखाना पाण्यापाशींच न्यावा लागे. पुढें विजेचा शोध व्यवहारांत आला आणि ही अडचण दूर झाली. शक्ति निर्माण करावयाची एका ठिकाणीं व वापरावयाची दुसऱ्या ठिकाणीं, हें तांब्याच्या तारेनें साध्य झालें. अमेरिकेंत नायगारा धबधब्यापासून काढलेली वीज १८९६ सालीं वीस मैलांवरील बफलो शहरास पोंचली. आपल्या देशांत दार्जिलिंगजवळ १८९७ सालीं पाण्यावरचें लहानसें विद्युत्गृह सुरू झालें, आणि १९०२ सालीं म्हैसूर संस्थानांत कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींस सुमारें ९० मैल तारेनें वीज नेण्यांत आली. जें म्हैसुरास साधलें तें मुंबईस कां साधूं नये? डेव्हिड गोस्लिंग नांवाच्या मुंबईंतील एका वास्तुशिल्पज्ञानें सह्याद्रीच्या माथ्यावरचें पावसाचें पाणी अडवून त्याची वीज करण्याची कल्पना मांडिली होती. जमशेटजींनीं ती उचलून धरिली.

या कल्पनेचें मर्म समजण्यास थोडेंसें गणित करावें लागेल. पाण्यापासून मिळणारी शक्ति दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाणी किती, आणि तें किती उंचावरून पडतें. लोणावळें-खंडाळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठीं दीडशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून सत्तर-ऐशीं मैल पूर्वेस आपल्या शिरुराकडे येतां येतां तोच पाऊस वीस-बावीस इंचांच्या आसपास उरतो. म्हणजे पाणी विपुल आहे तें माथ्यावर. त्या माथ्याची पश्चिमेकडील बाजू भिंतीसारखी तुटलेली असून खालीं कोंकणांतील खोपोली सुमारें १,७०० फूट खोल आहे. इतक्या उंचीच्या पाण्याचा नळाच्या तळाशीं दर चौरस इंचास ७०० पौंडांहून अधिक दाब पडतो. तो झोत वाट्या बसविलेल्या चक्रावर आदळला म्हणजे चक्र गरगरा फिरतें, व त्याच्या आंसाला जोडलेल्या यंत्रांत वीज उत्पन्न होते. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उंचीवरून उतरविलें, तर यंत्रांतील घट वजा जातां एक युनिटाहून थोडी अधिक वीज हातीं येते. तेंच पाणी ३० मीटर उंच धरणाच्या पायथ्याशीं यंत्रावर सोडलें, तर याच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाइतकीच वीज मिळते. पूर्वेकडे भीमेच्या वाटेनें जमीन इतकी संथ उतरत जाते कीं तेथें असा मोठा उतार मिळणेंच शक्य नाहीं. पाणी पश्चिमेस कां वळविलें, याचें उत्तर या एका हिशेबांत आहे.

जमशेटजींच्या अखेरच्या वर्षांत तीन मोठे संकल्प एकाच वेळीं त्यांच्या मनांत वागत होते: पोलादाचा कारखाना, शास्त्रीय संशोधनाची संस्था, आणि पाण्यापासून वीज. संशोधनसंस्थेसाठीं त्यांनीं आपल्या मिळकतीचा फार मोठा भाग देऊं केला. तत्पूर्वीं १८९२ सालींच होतकरू विद्यार्थ्यांस परदेशीं उच्च शिक्षण घेतां यावें म्हणून त्यांनीं निधि स्थापिला होता. मुंबईंत बंदराशेजारीं त्यांनीं बांधविलेलें ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्यें उघडलें; शहरास विजेचा सार्वत्रिक पुरवठा होण्यापूर्वींच त्या इमारतींत विजेचे दिवे लागले होते. परंतु मोठ्या संकल्पांपैकीं एकही पुरा झालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. प्रकृति ढासळल्यामुळें ते युरोपांत गेले असतां जर्मनींतील बाड नौहाइम येथें ता. १९ मे १९०४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. इंग्लंडांतील ब्रुकवुड येथें त्यांचें दफन करण्यांत आलें.

मनुष्य जातो, पण त्यानें नीट पेरलेलें बीं उगवल्यावांचून राहत नाहीं. सर दोराबजी व सर रतन या दोघां पुत्रांनीं पित्याचे संकल्प एकेक करून तडीस नेले. बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ सालीं स्थापन झाली. साकची येथील कारखान्यांतून १९१२ सालीं पोलाद बाहेर पडलें. विजेसाठीं १९१० सालीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली, आणि तिचें भांडवल, कित्येक संस्थानिकांच्या साह्यानें, हिंदुस्थानांतच उभें राहिलें. फेब्रुवारी १९११ मध्यें गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या हस्ते वळवणच्या धरणाची कोनशिला बसली. लोणावळें, वळवण व शिरवतें या तलावांत पाणी साठलें, डोंगराच्या कड्यावरून पोलादी नळ उतरले, आणि फेब्रुवारी १९१५ मध्यें खोपोलीची वीज एक लक्ष व्होल्टच्या दाबानें सुमारें ४३ मैल धांवून मुंबईस पोंचली. मागोमाग आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचें विद्युत्गृह १९२२ सालीं, आणि निळा-मुळेच्या पाण्यावर भिरा येथील विद्युत्गृह १९२७ सालीं सुरू झालें. जमशेटजींच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांच्या आंत सह्याद्रीच्या तीन खोऱ्यांचें पाणी मुंबईचीं चाकें फिरवूं लागलें. हीं तिन्ही केंद्रें आजही चालूं आहेत.

अशा विजेचे लाभ कोणते, तें थोडक्यांत सांगतों. पहिला लाभ असा कीं, हिला इंधन लागत नाहीं. औष्णिक केंद्रांत एक युनिट वीज करण्यास आज अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जाळावा लागतो. येथें सूर्य समुद्राचें पाणी वर नेतो व पाऊस तें डोंगरावर आणून घालतो, त्याचें मोल कोणी मागत नाहीं. दुसरा लाभ, धूर नाहीं व राख नाहीं. हवा तापून ऋतुमान बिघडत चाललेल्या आजच्या काळांत याचें महत्त्व जमशेटजींच्या काळापेक्षां कितीतरी वाढलें आहे. तिसरा लाभ, पाणी खर्चीं पडत नाहीं. चक्र फिरवून बाहेर पडलेलें पाणी खोपोलीस पाताळगंगेंत, भिवपुरीस उल्हासेंत व भिऱ्यास कुंडलिकेंत जातें आणि खालच्या गांवांच्या, शहरांच्या व कारखान्यांच्या उपयोगीं पडतें. चौथा लाभ, कोळशाचें केंद्र थंड असतां तें पूर्ण चालूं करण्यास कित्येक तास लागतात. पाण्याचें केंद्र कांहीं मिनिटांत चालूं होतें व तितक्याच त्वरेनें थांबवितां येतें. म्हणून संध्याकाळीं घरोघर दिवे लागतांच मागणी वाढली कीं हेंच केंद्र मदतीस धांवतें. भिरा येथें तर मागणी कमी असतांना खालचें पाणी पुन्हां वर चढवून ठेवण्याचीही सोय आहे. पांचवा लाभ टिकाऊपणाचा: एकदां धरण व नळ नीट बांधले म्हणजे तीं पिढ्यानुपिढ्या काम देतात. स्वातंत्र्यानंतर याच मार्गानें सरकारनें कोयनेचा प्रकल्प उभारला. १९६० नंतरच्या दशकांत सुरू झालेली त्याची वीज वाढत जाऊन १,९०० मेगावॉटच्या वर पोंचली आणि महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत प्रथमच दिवा लागला.

येथवर वाचून कोणी विद्यार्थी म्हणेल कीं, ही तर केवळ लाभाचीच गोष्ट झाली. तसें नाहीं. चरित्र लिहिणारानें नायकाच्या कार्याची सावली लपविली, तर तो वाचकास फसवितो. मुळशीचें धरण बांधावयाचें ठरलें तेव्हां मावळांतील पन्नासच्या आसपास गांवें व त्यांचीं भाताचीं खाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. तेथील मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट हे आपल्या शिरुरास लागून असलेल्या पारनेरचे; याच लढ्यापासून लोक त्यांस सेनापति म्हणूं लागले. त्यांनीं व शेंकडों शेतकऱ्यांनीं तुरुंग भोगला. १९२४ पर्यंत झगडा चालला, आणि अखेर धरण झालेंच. मुंबईंत दिवे लागले. पण ज्यांचीं घरें त्यासाठीं बुडालीं, त्यांच्या झोपड्यांत ते पुष्कळ काळ लागले नाहींत.

दुसरी सावली आपल्या दारापर्यंत आली आहे. इंद्रायणी, तिला मिळणारी आंध्रा, आणि मुळा या मूळच्या पूर्ववाहिनी नद्या. इंद्रायणी तुळापुरास भीमेंत पडते, मुळा मुठेसह रांजणगांव सांडसापाशीं. त्यांच्या उगमाजवळचें जें पाणी पश्चिमेस उतरविलें जातें, तें भीमेच्या खोऱ्यास दुरावतें. कृष्णा पाणी तंटा लवादानें या वळविण्यास मर्यादा घातली असून तीही सरासरीनें वर्षास सुमारें ४२ अब्ज घनफूट इतकी मोठी आहे. दुष्काळाच्या वर्षीं हें पाणी पूर्वेस सोडावें, अशी मागणी भीमाकांठचे लोक वारंवार करितात. वीज इतर साधनांनींही करतां येते, पण तहान पाण्यावांचून भागत नाहीं, हें त्यांचें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. उलट पक्षीं, शंभर वर्षांत या पाण्यावर कोंकणांतही मोठी वस्ती पोसली गेली आहे, आणि तिचा घांस एकाएकीं काढून घेणें हाही न्याय होणार नाहीं.

मग या कार्याचें मोल कसें ठरवावें? आम्हांस वाटतें कीं, यासाठीं मापही जमशेटजींच्याच चरित्रांतून घ्यावें. मुळशीचा झगडा त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं सुरू झाला. त्यांनीं तेव्हां काय केलें असतें, याचा तर्क करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण नागपुरास त्यांनीं काय केलें तें जगापुढें आहे. यंत्रानें ज्याचा हात गेला, त्याच्या घरच्या चुलीची काळजी त्या यंत्राच्या मालकानें वाहावी, हें तत्त्व त्यांनीं कायद्याची वाट न पाहतां आचरिलें. तेंच तत्त्व धरणास लाविलें म्हणजे असें ठरतें कीं, ज्याची जमीन विजेसाठीं गेली, त्यास त्या विजेचा पहिला वांटा मिळावा. आणि ज्याच्या नदीचें पाणी वळविलें, त्याचें म्हणणें प्रत्येक टंचाईच्या वर्षीं प्रथम ऐकलें जावें. हें ऋण फेडणें मागें राहिलेल्यांकडे आहे, आणि उद्यां तें आमच्या विद्यार्थ्यांकडे येणार आहे.

दोन्ही गरजा जुळविण्याचा मार्ग सर्वस्वी बंद आहे असेंही नाहीं. आपली घोड नदी आंबेगांव तालुक्यांत डिंभे येथें अडविली आहे. तेथें धरणाच्या पायथ्याशीं लहानसें विद्युत्गृह असून, त्यांतील चक्र फिरविणारें पाणी याच खोऱ्यांत राहून शेतीच्या कामीं येतें. उंची थोडी असल्यामुळें वीज थोडी मिळते, परंतु पाणी आपलें खोरें सोडून जात नाहीं. मोठ्या कड्यावरची विपुल वीज आणि पायथ्याची थोडी वीज, यांपैकीं कोठें कोणती निवडावी, हें ठरविण्यास गणित पाहिजे, भूगोल पाहिजे, आणि त्याहून अधिक, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव पाहिजे.

आमच्या शाळेंतील कित्येक मुलें पुढें रांजणगांवच्या कारखान्यांत काम करितील, कांहीं अभियंते होतील, कांहीं घरची शेती पाहतील. त्या सर्वांनीं जमशेटजींपासून तीन गोष्टी घ्याव्या. व्यापार बुडाला असतां पत बुडूं न देणें ही पहिली. आपल्या हयातींत फळ दिसणार नाहीं असें कामही मनापासून आरंभणें ही दुसरी. आणि आपल्या यंत्राखालीं कोण सांपडलें, तें वाकून पाहणें ही तिसरी. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टींची कीर्ति पुष्कळांनीं गाइली आहे. तिसरी आचरणांत आणणारे आमच्या या तालुक्यांतून निघोत, हीच परमेश्वराजवळ आमची प्रार्थना आहे.